पंखा, पाणी आणि निदान : जुन्या स्पोर्ट्स कारच्या तापण्याविषयी एक संवाद

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण एक चतुर्थांश भागच चाकांपर्यंत पोहोचतो, त्याहून थोडा अधिक भाग धुरासोबत निघून जातो, आणि जवळपास एक तृतीयांश उष्णता सिलिंडरभोवती खेळणाऱ्या पाण्याला उचलून न्यावी लागते. हे पाणी वॉटर पंपाच्या जोरावर रेडिएटरमध्ये, म्हणजे बारीक नळ्या आणि त्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीत येते आणि तेथे हवेला उष्णता देऊन पुन्हा इंजिनाकडे परतते. गाडी वेगात असेल तर समोरून येणारा वारा हे काम भागवतो. ती रेल्वे फाटकाशी उभी असेल, बाजाराच्या गर्दीतून सरकत असेल किंवा पहिल्या गिअरमध्ये घाट चढत असेल, तर तो वारा पुरत नाही आणि पंख्याची गरज पडते. पंख्याचे निदान करताना हा भेद सर्वांत आधी लक्षात घ्यावा लागतो, आणि बहुतेक चुका तो विसरल्यामुळे होतात.

जुन्या गाड्यांत पंखा दोन प्रकारांनी फिरे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या फियाट ११०० आणि पुढच्या पद्मिनीसारख्या गाड्यांत तो पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे इंजिन चालू म्हणजे पंखा चालू, असा सरळ हिशेब होता. पट्टा सैल झाला किंवा तुटला की कारण डोळ्यांना दिसे. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र हा हिशेब परवडत नाही, कारण इंजिन जोरात फिरत असताना पट्ट्यावरचा पंखा नेमकी हवी असलेली शक्ती खातो आणि त्या वेगाला त्याची गरजही नसते. १९६१ च्या मार्च महिन्यात जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या जॅग्वार ई-टाइपने म्हणूनच विजेचा पंखा घेतला. रेडिएटरच्या मागे बसवलेली मोटर, तिच्यावर पाती, आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीत बसवलेला तापमानाचा स्विच, अशी ती रचना आहे. या स्विचमध्ये दोन वेगळ्या धातूंची जोडलेली चकती असते. तापल्यावर दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, चकती टचकन वळते, संपर्क जुळतो आणि पंखा सुरू होतो. पाणी निवले की ती परत फिरते आणि पंखा थांबतो.

पुढील संवाद अशाच एका ई-टाइपविषयी आहे; ३.८ लिटर इंजिनाची, मूळ डायनॅमो असलेली आणि गर्दीत तापणारी. संवादातील दोन्ही वक्ते कल्पित असून ते दोन विचारपद्धतींचे प्रतिनिधी आहेत. ‘नाना’ हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, खापर येथे महामार्गालगत गॅरेज चालवणारे मिस्त्री, आणि ‘सर’ हे तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले, जुन्या गाड्या मूळ रूपात जपाव्यात असे मानणारे अध्यापक. खापर हे स्थळ या चर्चेला साजेसे आहे. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरील हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या सीमेजवळ आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. आणि गुजरातकडून तोरणमाळला निघालेली गाडी तळोदा-शहाद्याकडे जाताना याच रस्त्याने पुढे सरकते. तेव्हा येथे तापलेल्या गाडीचा प्रश्न नुसता शास्त्राचा राहत नाही, पुढे जायचे की परत फिरायचे हेही ठरवावे लागते.

नाना : गाडी उभी राहिली की काटा चढतो आणि साठच्या वेगाने धावली की उतरतो, एवढे कळले म्हणजे निम्मे निदान झाले. दोष पंख्याकडचा आहे. पंख्याच्या दोन वायरी स्विचवरून काढून एकमेकींना जोडाव्यात, म्हणजे पंखा डायरेक्ट करावा. तो चाबी लावल्यापासून फिरत राहील. शिवाय थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकावा, पाणी मोकळे फिरेल. अर्ध्या तासात गाडी रस्त्याला लागते.

सर : निम्मे निदान झाले हे मान्य, परंतु उरलेले निम्मे त्या जोडणीने झाकले जाते, नाना. वायरी एकत्र केल्यावर पंखा फिरला, तर मोटर, फ्यूज आणि तिथवरची वायर ठीक आहे एवढेच सिद्ध होते, आणि संशय स्विचवर किंवा स्विचभोवतीच्या पाण्यावर येतो. फिरला नाही, तर गोष्ट पूर्ण वेगळी. एकाच कृतीतून दोन वेगळे निष्कर्ष निघतात आणि डायरेक्ट करून गाडी रवाना केली की दोन्ही हातचे जातात.

नाना : पण प्रवाशाला निष्कर्ष नको असतो, पोहोचायचे असते. देवगोईच्या घाटातून मोलगीकडे माणसे भरून जाणारी जीप तापली, तर वायरिंगचा नकाशा काढून बसता येत नाही.

सरांचा मुद्दा येथे अधिक नेमका आहे, पण तो पूर्ण होण्यासाठी ‘स्विचभोवतीचे पाणी’ म्हणजे काय हे उलगडावे लागते. ई-टाइपमध्ये स्विच वरच्या टाकीत असल्यामुळे पाण्याची पातळी घटली किंवा पाणी भरताना हवा आत अडकली, तर स्विच पाण्याबाहेर, वाफेत किंवा हवेत राहतो. हवा पाण्याइतकी उष्णता पोहोचवत नाही. त्यामुळे खाली इंजिन उकळत असताना वरचा स्विच मात्र गार राहून पंखा बंदच ठेवतो. अशा गाडीत नवा स्विच आणून बसवला, तरी काही दिवसांनी तीच तक्रार उभी राहते, आणि पाणी का घटले, होज पाइप गळतो की झाकणाचे रबर गेले, हा खरा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. म्हणून इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढून पातळी पाहणे ही पहिली पायरी. गरम असताना झाकण उघडणे धोक्याचे आहे, कारण दाबाखालचे पाणी शंभर अंशांनंतरही उकळत नाही आणि दाब सुटताच ते एकदम उसळते. प्रति चौरस इंच एक पौंड दाबामागे उत्कलनबिंदू दीड अंशाहून थोडा जास्त वाढतो. सात पौंडांच्या झाकणाखाली पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत द्रव राहते. उलट सुमारे ११०० मीटर उंचीच्या तोरणमाळवर उघड्या भांड्यातील पाणी ९६-९७ अंशांनाच उकळते. तेव्हा तेथे जाणाऱ्या गाडीला झाकणाचे निकामी रबर अधिक महागात पडते.

स्विच तपासण्याची रीत सोपी आहे. तो काढून दोरीने पाण्याच्या पातेल्यात लोंबकळत ठेवावा, भांड्याला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा, आणि त्याच्या दोन टोकांना बॅटरी व टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरी जोडलेला साधा दिवा, लावावा. पाणी सुमारे ऐंशी अंशांपर्यंत गेले की दिवा लागला पाहिजे आणि निवताना काही अंश खाली विझला पाहिजे. दिवा लागलाच नाही किंवा पाणी उकळायला आल्यावर लागला, तर स्विच बदलावा.

थर्मोस्टॅटच्या वॉलविषयी, म्हणजे झडपेविषयी, मात्र नानांचा सल्ला चुकीचा आहे, आणि तो महाराष्ट्रातील असंख्य गॅरेजांत दिला जातो म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करणे आवश्यक आहे.

सर : थर्मोस्टॅट म्हणजे तापमानानुसार उघडझाप करणारी झडप. इंजिन गार असताना ती रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवते आणि पाणी एका आडवाटेने, म्हणजे बायपासने, थेट पंपाकडे परतते. जॅग्वारच्या या इंजिनात झडपेला एक बाही असते. झडप उघडली की ती बाही सरकून बायपासचे तोंड झाकते, म्हणजे सगळे पाणी रेडिएटरमधूनच जावे. झडप काढून टाकली, तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि बरेचसे गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनाकडे फिरते. गाडी गार होण्याऐवजी अधिक तापते. बाही नसलेली दुसऱ्या गाडीची झडप बसवली तरी तोच परिणाम होतो.

नाना : जीपला काढले तर चालते, हा पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव आहे.

सर : काही इंजिनांत बायपास इतका अरुंद असतो की तोटा दिसत नाही, पण इंजिन हवे तेवढे गरमच न झाल्यामुळे पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडर लवकर झिजतो, तो तोटा वर्षांनंतर दिसतो. म्हणून झडप काढायची असेल तर ती पातेल्यात तपासण्यासाठी काढावी आणि बिघडली असेल तर त्याच मापाची बसवावी.

यानंतर संवाद मोटरकडे वळला, आणि येथे नानांच्या अनुभवाचे वजन पुस्तकाहून अधिक ठरले. पंखा ‘फिरतो’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो किती जोराने फिरतो, हे महत्त्वाचे असते.

नाना : रात्री व्होल्टेज पडल्यावर शेतातली मोटर जशी गुरगुरते पण पाणी फेकत नाही, तसा हा पंखा डोळ्यांना फिरताना दिसतो आणि हवा ओढत नाही. म्हणून आधी जाळीवर वहीचा कागद धरावा. पंखा मागून ओढणारा असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे; गळून पडला तर पंखा दमलेला आहे, आणि उडून बाहेर आला तर तो उलटा फिरतोय. गाडी बंद करून, बॅटरीची वायर काढून पाते बोटाने फिरवावे. जड लागले तर बुश सुकले, खडखडले तर बुश झिजले. कार्बन संपले असतील तर मोटर कधी चालते, कधी थोपटल्यावर चालते.

बुश म्हणजे मोटरचा दांडा ज्या धातूच्या नळीत फिरतो ती, आणि कार्बन म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कोळशाचे तुकडे. जड झालेली मोटर अधिक वीज खेचते, वायर आणि फ्यूज तापतात, आणि पुन:पुन्हा फ्यूज जाणारी गाडी मिळते; अशा गाडीला मोठा फ्यूज टाकणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. इग्निशन बंद असतानाही काही गाड्यांचे विजेचे पंखे उष्णतेने आपोआप सुरू होतात, म्हणून बॅटरीची वायर आधी काढण्याचा नानांचा आग्रह अक्षरशः पाळावा.

उलट्या फिरण्याचा प्रश्न ई-टाइपमध्ये विशेष उद्भवतो. ३.८ लिटरच्या गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असे, म्हणजे आजच्या प्रथेच्या नेमकी उलट, ४.२ लिटरच्या गाड्यांपासून ऋण बाजू सांगाड्याला आली. आधुनिक, आत कायम चुंबक असलेली मोटर जुन्या गाडीत नेहमीच्या सवयीने जोडली, तर ती उलटी फिरते, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडते आणि गाडी धावतानाही तापू लागते. असा पंखा आवाज करतो, वारा देतो, आणि तरी गाडी तापते. त्यामुळे भल्याभल्यांना रेडिएटरचा संशय येतो आणि चांगला रेडिएटर उगाच उकलला जातो.

दमलेल्या पंख्याचे कारण मात्र बहुधा मोटरच्या बाहेर असते. शंभर वॅटची मोटर बारा व्होल्टवर सुमारे आठ अँपिअर वीज घेते. साठ वर्षांच्या गंजलेल्या जोडांत मिळून पाव ओहमचा अडथळा असला, तरी वाटेतच दोन व्होल्ट गळतात आणि मोटरला दहाच मिळतात. हे मोजण्यासाठी पंखा चालू असताना मीटरचे एक टोक मोटरच्या अर्थिंगच्या वायरीवर आणि दुसरे बॅटरीच्या त्याच बाजूच्या टोकावर ठेवावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर अर्थिंगचा जोड घासून पक्का करावा. हीच चाचणी दुसऱ्या बाजूच्या वायरीवर करावी. पंखा बंद असताना घेतलेले मोजमाप येथे उपयोगाचे नाही, कारण वीज वाहत नसेल तर वाईट जोडावरही फरक दिसत नाही. टेस्ट लॅम्पची तपासणीही याच कारणाने अपुरी पडते, कारण छोट्या दिव्याला लागणारी वीज गंजलेल्या जोडातूनही पार होते.

याच ठिकाणी दोघांतील खरा मतभेद उघड झाला. ३.८ लिटरच्या ई-टाइपमध्ये वीज देणारा डायनॅमो आहे, आणि डायनॅमो इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. गर्दीत सरकणाऱ्या गाडीला पंखा सर्वाधिक हवा असतो, आणि नेमका तेव्हा तो केवळ बॅटरीच्या साठ्यावर चालतो. दिवे लावलेले असतील तर साठा आणखी लवकर उतरतो. अल्टरनेटर, म्हणजे मंद गतीलाही पुरेशी वीज देणारे नंतरचे यंत्र, या गाडीला १९६४ मध्ये ४.२ लिटरच्या इंजिनाबरोबर मिळाले.

नाना : मग अल्टरनेटर बसवा, मारुती ८०० चा पंखा लावा, रिले टाका, संपले.

सर : रिलेला हरकत नाही. रिले म्हणजे थोड्या विजेने हलणारा मोठा स्विच. तापमानाचा नाजूक स्विच फक्त रिलेला जागे करतो आणि पंख्याची जड वीज जाड वायरीतून बॅटरीकडून थेट येते, त्यामुळे जुने जोड वाचतात. तो पडद्याआड बसतो आणि उद्या काढताही येतो. पण पंखा, यंत्र, वायरिंग सगळे बदलले, तर उरते ते १९६१ च्या गाडीचे चित्र. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी काढलेल्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक दिला, तो वाहन मूळ रूपात जपलेले असावे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल नसावा, या अटीवर.

नाना : त्याच नियमात सांगाडा, बॉडी आणि इंजिन म्हटले आहे, सर. पंख्याची वायर त्यात कुठे येते?

प्रश्न रास्त आहे. नियमाचा रोख गाडीच्या मूळ देहावर आहे, आणि लपवलेला रिले किंवा अर्थिंगची जास्तीची वायर त्याला बाधा आणत नाही, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच नियमांनुसार अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नसून प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर येते. मुंबईतील व्हिंटेज रॅलीत ती तासन्‌तास माणसाच्या चालीने सरकते, म्हणजे पंख्याची सर्वांत कठीण परीक्षा नेमकी तिच्या हक्काच्या जागी होते. अशा गाडीला रिले नाकारणे म्हणजे मूळ तारेसाठी मूळ इंजिन धोक्यात घालणे. अल्टरनेटरचा निर्णय मात्र वेगळा आहे. डायनॅमोच्याच आकाराच्या खोक्यात बसवलेली यंत्रे परदेशात मिळतात, तरी मूळ डायनॅमो पेटीत जपून ठेवल्याशिवाय आणि आधी पंख्याचे जोड, बुश व हवेचा मार्ग सुधारून पाहिल्याशिवाय त्याकडे जाऊ नये. सर यालाही तयार नव्हते, आणि नाना पेटीत काही ठेवण्याच्या विरुद्ध होते. तो भाग तसाच राहिला.

हवेच्या मार्गाबद्दल दोघांचे एकमत होते. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे आणि रेडिएटरच्या कडेचे रबर किंवा फोम गायब असेल, तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बोनेटखालची गरम हवाच पुन्हा फिरवतो. कापसाच्या हंगामात भरलेल्या गाड्यांमागून चाललेल्या वाहनाच्या जाळीत तंतू अडकतात, त्यावर धूळ व कीटक बसतात, आणि चांगला पंखाही हतबल होतो. जाळी मागून पुढे, हलक्या धारेने धुवावी, पत्रे वाकतील असा जोर देऊ नये. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरल्याने नळ्या आतून बुजतात, त्यावर पंख्याचा काही इलाज नाही.

एक सावधगिरी राहते. गाडी उभी असताना नव्हे तर धावताना तापत असेल, तर पंख्याला हात लावण्यापूर्वी इग्निशनचे मागे गेलेले टायमिंग, कार्बोरेटरचे हवा जास्त व पेट्रोल कमी असलेले मिश्रण, बुजलेला रेडिएटर आणि हेड गॅस्केट तपासावे. टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर गॅस्केट फुटून सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतो आहे. आणि काटा खरे बोलतो का, हेही पाहावे. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत काट्याला ठरावीक व्होल्टेज पुरवणारा छोटा नियामक असतो, त्याचे अर्थिंग सैल झाले की काटा खोटा चढतो. थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला की खरेखोटे मिनिटात कळते.

रस्त्यात, खापरसारख्या ठिकाणी, स्विच निकामी निघाला तर पंखा डायरेक्ट करण्यात गैर काही नाही, आणि या बाबतीत सरांनी अखेरीस नानांचे म्हणणे स्वीकारले. फक्त फ्यूज मध्ये ठेवावा, पाणी पूर्ण भरावे आणि डायनॅमोची गाडी असेल तर थांब्यावर बॅटरी उतरणार हे ध्यानात घ्यावे. नानांनी बदल्यात थर्मोस्टॅट जागेवर ठेवला. ज्या मालकांच्या गाडीत असा तात्पुरता जोड झाला असेल त्यांनी त्या वायरीला तारीख आणि ‘स्विच वगळला आहे’ एवढी चिठ्ठी बांधून ठेवावी, आणि घरी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात स्विच पातेल्यात तपासून मूळ जोडणी पूर्ववत करावी. पुढच्या मिस्त्रीला निदान नव्याने सुरू करावे लागू नये, एवढी काळजी गाडी जपणाऱ्याने घ्यावी.